खुर्चीवाली तबकडी

कंपाउंडरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही हे खरं. पण मी ते लिहीत नव्हतो असं मात्र नाही. रोज दुपारी ताट विसळून ठेवलं की मी टेबलाशी बसायचो, मायना लिहायचो आणि मायन्यापाशीच अडायचो. आता, ज्याला पत्र हवं असतं त्याच्या दृष्टीने न लिहिलेलं पत्र आणि लिहून फाडलेलं पत्र सारखंच, एवढं मलाही कळतं.

त्याचं पत्र छोटं होतं. कंपाउंडर बोलायला लागला की समोरच्याला जांभई द्यायलाही फट ठेवायचा नाही, पण लिहिताना औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीइतकंच लिहायचा.

"मौनीबाबांस,

डाव्या कानाने राजीनामा दिला आहे, उजवा जायच्या तयारीत आहे. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात नसच सुकत चालली आहे, यंत्र लावून उपयोग नाही. रोज तासभर नीट ऐकू येतं, मग कानात शिट्ट्या सुरू होतात. तेव्हा प्रश्न असा की हा उरलेला तास कुणाला द्यायचा? आधीच्या मामांना की नंतरच्या? तू इतकी वर्षं नंतरच्यांची वकिली केलीस. आता शपथेवर सांग. भिडेखातर काही लिहू नकोस. तू म्हणशील ते ऐकेन.

ता. क. घाई आहे."

मामा म्हणजे आमचे कुणी नातेवाईक नव्हेत. ते जॅझ वाजवणारे एक वादक, ट्रंपेटवाले, फार लांबचे. आमच्यापैकी कुणीही त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचं नाव प्रत्येक जण वेगळं उच्चारायचा आणि निम्मा रविवार त्यावरच भांडण्यात जायचा. शेवटी पियानो शिकवणाऱ्या बाईंनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या, वर्षातून एकदा येतो, पिशवीतून काहीतरी नवीन काढतो आणि सगळ्यांना हसवून जातो, तो मामाच की. तेव्हापासून ते मामा.

कंपाउंडर हा माझा मित्र. खरं तर तो औषधाच्या दुकानाचा मालक, पण उमेदवारीत चिकटलेलं नाव मालक झाल्यावरही सुटलं नाही. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं, आणि मागच्या कोठारात आमचं तबकड्या ऐकायचं मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे चार माणसं: कंपाउंडर, पियानोच्या बाई, एक दंतवैद्य आणि मी. भिंतींना लागून छतापर्यंत कापसाच्या गुंडाळ्यांची खोकी रचलेली असत. त्यामुळे खोलीत आवाज अजिबात घुमत नसे. बाई म्हणायच्या, इतकी चांगली खोली मोठमोठ्या सभागृहांच्या नशिबी नसते. फक्त वास टिंक्चरचा. अजूनही कुणाच्या जखमेवर टिंक्चर लावलं की मला ट्रंपेट ऐकू येतं.

मंडळाचा नियम एकच होता. ज्याने तबकडी आणली, त्याने तिच्याबद्दल बोलायचं नाही. ज्याने पैसे मोजले तो चांगलंच म्हणणार, हे त्यामागचं तत्त्व. बाकीच्यांनी पाळीपाळीने बोलायचं आणि पाळी चुकवायची नाही.

मला हा नियम फार आवडायचा. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीत चूक काढायला सांगा, रात्रंदिवस काढीन, पण चार माणसांत स्वतःचं वाक्य सुरू करायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम फुटतो. म्हणून मी दर रविवारी न चुकता तबकडी न्यायचो. कधी विकत घेऊन, कधी वाचनालयातून. मंडळींना वाटायचं, काय उदार माणूस आहे. कंपाउंडरला कारण ठाऊक असावं. मौनीबाबा हे नाव त्यानेच ठेवलं.

त्या काळात मामा म्हणजे वेग. ट्रंपेट तोंडाला लावलं की दावणीतून सुटलेल्या वासरासारखे उधळायचे. बाई डोळे मिटून बोटं मोजायच्या आणि म्हणायच्या, याला श्वास लागतो की नाही कोण जाणे.

माझ्या बायकोला संगीतातलं काही कळत नव्हतं, असं तीच सांगायची. पण मामांची एक जुनी गत तिला फार प्रिय. ती लावायची आणि वाळलेले कपडे घेऊन बसायची. गतीच्या तालावर घड्या. रुमाल, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळं व्यवस्थित चालायचं. पण शेवटाकडे एक वळण आहे, तिथे मामा एकदम दुप्पट पळतात. तिथे तिची घडी दरवेळी चुकायची. मग ती हातातलं जे असेल ते माझ्या अंगावर फेकायची आणि म्हणायची, "तुमच्या मामांना सांगा, बाईमाणसाची थट्टा बरी नव्हे."

मग मामा काही वर्षं गप्प झाले. का, ते कळलं नाही. कुणी म्हणे आजारी, कुणी म्हणे कंपनीशी बिनसलं. परत आले तेव्हा ते मामा राहिले नव्हते. दोन सूर, मग नुसतं थांबणं. पुन्हा एक सूर, पुन्हा थांबणं. मागे पियानो असला तर असला. मंडळाला धक्काच बसला.

त्याच सुमारास माझी बायको गेली. दुखणं फार लांबलं नाही, तेवढंच म्हणायचं. मी मंडळात जाणं सोडलं. छापखान्यात जायचो, मुद्रितं तपासायचो, घरी येऊन दार लावून घ्यायचो. दिवसभरात माझ्या तोंडून दहा शब्द निघत असतील तर ते बसच्या कंडक्टरशी. त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

एका रविवारी कंपाउंडर दारात उभा राहिला.

"चल."

"मला बोलवणार नाही रे."

"बोलायला कोण सांगतंय? तू आजवर काय बोलला आहेस? नुसता बस. खोकी बसतात तसा."

मी तसाच चपला घालून निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की हात रिकामे आहेत. कंपाउंडरच्या काखेत मात्र एक तबकडी होती. मामांची नवी, आणि पुढे कळलं तसं शेवटचीच. वेष्टनावर एक साधी लाकडी खुर्ची आणि तिच्या बैठकीवर ट्रंपेट, बाकी काही नाही. मंडळात तिला आम्ही पुढे खुर्चीवाली म्हणू लागलो.

दोन्ही बाजू वाजवून झाल्या. दंतवैद्य बोलले, बाई बोलल्या. दोघांनाही आवडली नव्हती, पण माझ्याकडे बघून ते जपून बोलत होते. मग माझी पाळी आली. कंपाउंडरने तबकडी आणली होती, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. माझ्यानंतर कुणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत बसले.

मी काय बोललो ते आता नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणालो, हा माणूस थकलेला नाही. हा एक वाक्य बोलतो आणि थांबतो, कारण समोरून उत्तर यायचं असतं. उत्तर येत नाही, म्हणून तो तेच वाक्य जरा वेगळ्या तऱ्हेने विचारून बघतो. तुम्हाला जी रिकामी जागा वाटते ती रिकामी नाही, ती कुणाची तरी आहे. आणि असं बरंच. चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी मी बोलत होतो. थांबलो तेव्हा बाई खाली बघत होत्या. कंपाउंडर पाठमोरा उभा राहून तबकडी फडक्याने पुसत होता. फार वेळ पुसत होता.

पुढच्या रविवारी त्याने तोंड उघडलं.

"मागच्या खेपेला आमच्या मौनीबाबांनी बोलून घेतलं आणि मला नियमापायी तोंड शिवून बसावं लागलं. त्या रेकॉर्डबद्दल मी आजही बोलणार नाही, नियम म्हणजे नियम. पण एकूणच मामांचं जे काही चाललंय त्याबद्दल सांगतो. माणूस संपला. संपलेल्या माणसाला ऋषी म्हणायची आपल्याकडे खोड आहे."

मला राग आला. मी सहसा रागावत नाही, किंवा रागावलेलो मला दोन दिवसांनी कळतं. पण त्या दिवशी मी जागच्या जागी म्हणालो, "तुला ऐकताच येत नाही."

"शाबास," तो म्हणाला. "मग शिकव."

तिथून आमचं युद्ध सुरू झालं ते दुकान विकेपर्यंत चाललं. परत आल्यानंतरच्या मामांच्या तबकड्या इतरांपैकी कुणी ना कुणी आणायचं. मी बाजू घ्यायचो आणि तो तुटून पडायचा. दंतवैद्य त्याच्या बाजूने. त्यांनी एकदा वेष्टनावरचा मामांचा फोटो भिंगाखाली धरला.

"वरचे पुढचे चार दात खोटे आहेत," ते म्हणाले.

"फोटोवरून?" बाईंनी विचारलं.

"बाई, माझं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलंय. ट्रंपेट ओठांनी वाजतं असं तुम्हाला वाटतं. पण ओठ टेकतात कशावर? दातांवर. दात गेले की पायाच गेला. वरचे सूर लागत नाहीत म्हणून हा गृहस्थ तळमजल्यावर हिंडतोय."

"म्हणजे ही कवळी वाजतेय," कंपाउंडर म्हणाला. "आणि आमचा बाबा म्हणतो, चिंतन."

"मी चिंतन म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, त्याने गाळलंय."

"काय गाळलंय? दात?"

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "मला एक सांगा. गाळणं वेगळं आणि न जमणं वेगळं, ते ओळखायचं कसं? माझ्याकडच्या मुलीही अवघड सूर गाळतात. मी त्याला आळस म्हणते."

"ज्याला जमत नाही तो घाईने पुढे सरकतो," मी म्हणालो. "कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. हा तर थांबून उभा राहतो."

"पत्ता विसरलेला माणूसही थांबून उभा राहतो," कंपाउंडर म्हणाला. "त्याच्या घरच्यांना विचार."

याला काय उत्तर द्यावं ते मला तिथे सुचलं नाही. सोमवारी छापखान्यात सुचलं, आणि रविवार कधी उजाडतो असं झालं. माझे आठवडे असेच जायचे. त्याच्या एका वाक्याला उत्तर शोधायला मी वाचनालयातून संगीतावरची जाडजूड पुस्तकं आणायचो, कागदाच्या कपट्यांवर मुद्दे लिहायचो, रस्त्याने पुटपुटत जायचो. शेजारीण एकदा म्हणाली, हल्ली बरे दिसता. मी म्हटलं, एका गाढवाला समजावतोय.

पुढे कंपाउंडरचे गुडघे गेले, दुकान विकलं गेलं, आणि तो आणि वहिनी मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. बाई त्याआधीच वारल्या होत्या. मंडळ बंद पडलं. बंद करायचं असं कुणी ठरवलं नाही. पुढच्या रविवारी जायला खोलीच नव्हती. पत्रं सुरू राहिली, तीही हळूहळू विरळ झाली. आणि मग हे, डाव्या कानाच्या राजीनाम्याचं.

मी पत्र वाचलं आणि ठरवलं की उत्तर द्यायचं तर नीट द्यायचं. एका माणसाचं शेवटचं ऐकणं माझ्या शब्दावर ठरणार. उगाच जुन्या सवयीने 'नंतरचे' असं खरडून चालणार नाही. आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या तबकड्या क्रमाने ऐकायच्या, दोन्हीकडून तोलायच्या आणि मग लिहायचं. खुर्चीवालीची एक प्रत मी पुढे विकत घेतली होती. बाकीच्याही बहुतेक होत्या. मी आधीच्या मामांपासून सुरुवात केली. म्हणजे, सुरुवात करायला बसलो.

सुई तबकडीवर टेकायच्या आत माझा हात मागे यायचा. बायको गेल्यापासून मी आधीचे मामा एकदाही लावले नव्हते. हे मला ठाऊक होतं, पण असं समोर मांडलेलं नव्हतं. आता ते मांडलं गेलं आणि त्यातून एक वाईट शंका निघाली. मी नंतरच्या मामांची वकिली केली ती ते श्रेष्ठ म्हणून, की आधीचे मला ऐकवत नव्हते म्हणून? दुसरं खरं असेल, तर माझं इतक्या वर्षांचं बोलणं म्हणजे बायको मेलेल्या माणसाचं बोलणं, त्यात मामा कुठे? आणि तेवढ्या आधारावर मी मित्राला सांगणार, की तुझा उरलेला तास इथे खर्च कर?

आज ऐकू, उद्या लिहू, असं मी करत राहिलो. मायने लिहिले आणि फाडले. एकदा अर्धं पान झालं होतं, पण वाचून पाहिलं तर त्यात 'कदाचित' हा शब्द प्रत्येक ओळीत होता. मुद्रित असतं तर मी लाल शाईने सगळे काढले असते. मग पानावर काहीच उरलं नसतं.

एका दुपारी फोन वाजला. वहिनींचा.

"भावजी, मी बोलतेय."

"बोला वहिनी. कसा आहे तो?"

"ऐकू येणं थांबलं. पूर्ण."

"कधी?"

"झाले थोडे दिवस. सकाळी उठले, मला म्हणाले, आज बाहेर फार शांत आहे. बाहेर गाड्यांचा गोंगाट चालला होता, भावजी."

वहिनीच पुढे बोलल्या. "ते एक वेळ चाललं असतं. पण आता बोलतही नाहीत. मुलीने पाटी आणून दिली आहे. आम्ही लिहायचं, त्यांनी वाचून मान हलवायची. मी लिहिलं, अहो, कान गेलेत, जीभ शाबूत आहे. तर पाटी पालथी घालून ठेवली. तो माणूस गप्प, विचार करा. घरात कुणी वारल्यासारखं वाटतं."

"त्याचं मला पत्र आलं होतं, वहिनी."

"माहीत आहे. पोस्टमन यायच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसायचे. आता नाही बसत."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, "मग शेवटी काय ऐकलं त्याने?"

"तीच. खुर्चीवाली. दुसरं आहे काय आमच्याकडे?"

"आधीच्या सगळ्या होत्या की त्याच्याकडे."

"त्या दुकान आवरलं तेव्हाच दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकल्या. म्हणाले, मुलीकडे जागा नाही. ही तेवढी स्वतःच्या सदऱ्यांत गुंडाळून आणली. रोज दुपारी तीच. नातू म्हणायचा, आजोबांची रेकॉर्ड सारखी बंद पडते."

"पण वहिनी, त्याला तर नंतरचे मामा—" मी अडखळलो. "तो तर इतकी वर्षं..."

"तुम्हाला खरंच माहीत नाही? मला वाटलं, कधीतरी तुम्हाला कळलं असेल. त्या रविवारी तुम्हाला न्यायला निघाले ना, तेव्हा रेकॉर्ड काखेत मारून मला म्हणाले, त्याला आज न्यायचं सुचणार नाही. मी नेली की त्याला बोलावं लागेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परत आले तेव्हा डोळे रडून लाल झाले होते. मी म्हटलं, एवढी आवडली तर पुढच्या वेळी सांगा त्यांना, दोघं मिळून ऐका. तर म्हणाले, मी हो म्हटलं तर तो मान हलवून घरी जाईल आणि दार लावून घेईल. नाही म्हणत राहिलो, तर दर रविवारी भांडायला येईल." मग त्या जराशा हसल्या. "कधीकधी शनिवारी मला विचारायचे, उद्या त्याला काय टोचू? पत्ता विसरलेला माणूस, ते माझं होतं हो. माझ्या वडिलांवरून सुचलं होतं."

फोन ठेवला. माझ्या ध्यानात यायला उशीर होतो, पण येतं. त्या पत्रात त्याने मला सल्ला विचारलाच नव्हता. काय ऐकायचं ते त्याचं केव्हाच ठरलं होतं. तो फक्त रविवारची हाक देत होता, ऐकू येतंय तोवर एकदा भांडून घेऊ म्हणून. आणि मी इकडे शपथ आणि पुरावे जमवत बसलो होतो. दारातली ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दोरीवर कपडे वाळले होते. ते मी आणून पलंगावर टाकले, आणि बायकोची ती गत लावली. या वेळी सुई टेकली. एकट्या माणसाचे कपडे ते किती. रुमाल, दोन सदरे, एक पंचा. मी घड्या घालू लागलो. मामा उधळले होते. मला वाटत होतं तसं काही कोसळलं नाही. फक्त शेवटचं वळण आलं, मामा दुप्पट पळाले आणि पंचाची घडी माझ्या हातात विस्कटली. फेकायला समोर कुणी नव्हतं. मी तो पंचा तोंडाशी धरून तबकडी संपून सुई नुसती खरखरू लागेपर्यंत बसलो.

मग खुर्चीवाली लावली. ती मी शंभरदा ऐकली असेल, पण नेहमी तिच्या वकिलाच्या कानांनी. आज ठरवून कंपाउंडरच्या बाजूने ऐकली, म्हणजे तो जे बोलायचा त्या बाजूने. आणि काय सांगू, त्यालाही आधार सापडला. एका ठिकाणी सूर सरळ फाटतो. एका ठिकाणी मामांना वर जायचं असतं आणि पोचत नाहीत. एका थांब्यात तर त्यांचा दम लागलेला स्पष्ट ऐकू येतो, आणि बसल्या जागी खुर्ची करकरते. दंतवैद्य म्हणत होते ते खरं असावं. माणसाला जमत नव्हतं. जमत नव्हतं म्हणून तो थांबला, आणि थांबलाच आहे तर वाट पाहू लागला, असंही झालं असेल. मी हे दोन्ही कधी एकत्र धरून पाहिलंच नव्हतं.

पण हे पत्रात लिहायचं नाही, असं मी ठरवलं. हे शहाणपणाचं होतं, आणि शहाणपणाला कुणी उलट उत्तर देत नाही. माणूस मान हलवून पाटी पालथी घालतो.

या वेळी मायन्याशी अडलो नाही.

"कंपाउंडरास,

उशीर झाला, कारण शपथेवर सांगायचं तर सगळं पुन्हा ऐकणं भाग होतं. ऐकलं. निकाल तुझ्या बाजूने आहे. नंतरचे मामा म्हणजे कवळी. आणि सगळ्यांत वाईट खुर्चीवाली. पहिल्या बाजूला दुसऱ्याच तुकड्यात सूर टरकन फाटलाय, तो आपण कुणीच कसा ऐकला नाही? जिथे मी इतकी वर्षं 'वाट पाहणं' म्हणत आलो, तिथे तो गृहस्थ निव्वळ दम खातोय. मी तुम्हा सगळ्यांना मामा बनवलं, त्याआधी स्वतःला. त्या माणसाने वाद्य पेटीत ठेवून नातवंडं खेळवायला हवी होती. संपलेल्या माणसाला ऋषी म्हणायची खोड, हे तुझंच वाक्य, आज मान्य करतो.

ती तबकडी तू आणली होतीस, म्हणून नियमाप्रमाणे तिच्याबद्दल तू आजवर एक अक्षर बोलला नाहीस. आता मंडळ नाही, तेव्हा नियमही नाही. तिच्या बाजूने बोलण्यासारखं तुझ्याकडे काही असेल असं मला वाटत नाही. असलंच, तर लिहून पाठवू नकोस, तुझं अक्षर मला आता वाचवत नाही. वहिनींना तोंडाने सांग. त्या मला फोनवर कळवतील. मध्ये काही गाळलंस तर ते मला कळेल.

ता. क. घाई आहे."

त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे. हे त्यालाही माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही. पत्र वाचून तो सगळं ओळखेल. ओळखू दे. मी तरी त्याचा डाव कुठे ओळखला होता? तरी दर रविवारचं भांडण खरंच होतं ना. आणि तो चिडला नाही, याही पत्रावर पाटी पालथी घालून बसला, तर पुढे काय करायचं ते मला माहीत नाही.

मी पाकीट चिकटवलं, सदरा बदलला आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. ऊन कललं होतं. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून मी नेहमीप्रमाणे थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग सोडलं. आत ते कुठेतरी कडेला घासून खाली पडलं.

परत फिरलो आणि चार पावलांवर आठवलं, फाटलेला सूर दुसऱ्या तुकड्यात नाही, तिसऱ्यात आहे. आयुष्यभर लोकांच्या चुका पकडल्या आणि हे असं पत्र गेलं. मी वळून पेटीकडे पाहिलं. तोंड अरुंद होतं, हात आत गेला नसता. मग वाटलं, असू दे. तो सगळ्यात आधी तीच चूक धरेल.